धाव चढवलेली पेटी

मेडशी गावात त्या वर्षी एक नवी म्हण रुजली होती. कुणाचं ठरलेलं लग्न फिसकटलं, कुणाची भाकरी थापताना तुटली, कुणी दिलेला शब्द फिरवला, की लोक म्हणायचे, "झाली बाप्पा जगदेवची गाडी!"

म्हणीत आपलं नाव यावं असं पुष्कळांना वाटतं, पण ते असं नव्हे. जगदेव सुतारानं गोविंदसिंगाच्या मोठ्या मुलीच्या लग्नासाठी दमणी केली होती. चार माणसांची हलकी गाडी. तिच्यात शेलूबाजारच्या नाल्यापाशी वरातीतली अकरा माणसं चढली, त्यात नवरदेवाचा मामा एकटाच तिघांच्या बरोबरीचा. डावं चाक बसलं आणि नवरदेव बाशिंगासकट गाळात गेला. आता चाक मोडलं की लोक सुताराचं नाव घेतात, वर बसलेल्यांची मोजदाद कुणी करत नाही. जगदेवनं दोन-चार वेळा अकरा माणसांचा हिशेब सांगून पाहिला. लोक आणखीच हसले. तेव्हापासून नवी गाडी करायला त्याच्याकडे कुणी आलं नव्हतं. वखराला दांडी बसव, तिफणीचा फण नीट कर, असली किरकोळ कामं तेवढी येत. बावन्न वर्षांचा माणूस, पुंजाजी सुताराचा मुलगा, आणि हातात वखराची दांडी! त्याला ते फार लागलं होतं. तो चारचौघांत बसायचा बंद झाला होता.

बसायचा तो फक्त उकंडरावाकडे. उकंडरावाची सहा एकर कोरडवाहू होती आणि एक सतार होती, आणि दोहोंपैकी जास्त मशागत सतारीची व्हायची. बाळापूरच्या एका म्हाताऱ्या खाँसाहेबांची त्यानं तरुणपणी सेवा केली होती. त्यांनी मरताना ही सतार त्याच्या हवाली केली. गावात तिचं कौतुक बेताचंच. उकंडराव वाजवायला बसला की म्हातारे झोपत, पोरं पळत, आणि त्याची बायको कस्तुराबाई तर त्या सतारीला उघड उघड सवत म्हणायची. जगदेव मात्र रोज दिवेलागणीआधी त्याच्या ओसरीवर जाऊन बसे. रागातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण लाकूड कळायचं. हे लाकूड चांगलं वाळलेलं आहे, कुण्या शहाण्या माणसानं घाई न करता वाळवलेलं आहे, एवढं त्याला आवाजावरून समजे आणि बरं वाटे.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. शिरपूरच्या जैन मंदिरात मुंबईचे एक शेठजी दर्शनाला आले होते. उकंडराव त्याच दिवशी तूर घेऊन शिरपूरला गेला होता आणि धर्मशाळेच्या ओसरीवर सतार छेडत बसला होता. तो कुठंही गेला तरी सतार गाडीत असायचीच. शेठजी जिना उतरता उतरता थांबले, आणि पुढं दीड तास त्याच पायरीवर उभे राहिले. दोन महिन्यांनी मेडशीला रजिस्टर पत्र आलं. शाळामास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. शेठजींच्या बंगल्यावर मैफल होती, मुंबईची सगळी जाणकार मंडळी येणार होती, आणि उकंडरावानं तिथं वाजवावं अशी विनंती होती. सोबत नागपूर ते मुंबई विमानाचं तिकीट. शेठजींना स्वतःला नुकताच विमानाचा नाद लागला होता आणि आपला सतारिया उडत आला हे त्यांना पाहुण्यांना सांगायचं होतं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: 'वाद्य मजबूत पेटीत घालून आणावे. विमानाच्या पोटात सामान फार आपटतात.'

विमानाचं नाव ऐकून गावातल्या दोन म्हाताऱ्या उकंडरावाच्या पाया पडून गेल्या. त्यांच्या माहितीत विमानातून जाणारा माणूस परत आलेला नव्हता.

उकंडराव मात्र त्या संध्याकाळी सतारीला हातही न लावता बसला होता.

"तीस वर्सं झाले जगदेव, मी भिताडाले ऐकवून राह्यलो," तो म्हणाला. "एक बार, फकत एक बार, समजनाऱ्या लोकाइसमोर बसू दे. मंग मेलो तरी चालते. पन हे फुटली तं? हा भोपळा पाह्य, अंड्याच्या टरफलावानी हाय."

"पेटी मी करतो," जगदेव म्हणाला.

"तू?"

"काहून? तुले बी गाडीच आठवली का?"

उकंडरावाला गाडीच आठवली होती, पण मित्रासमोर तो तसं म्हणाला नाही. "कर," म्हणाला. "तुह्याशिवाय कोन करन?"

बातमी पारावर गेली आणि गोविंदसिंगाच्या कानावर आली. गोविंदसिंग गावातला बडा असामी. लढाईतून मोडीत निघालेला एक लष्करी ट्रक त्यानं लिलावात घेतला होता आणि तो ट्रक व स्वतः गोविंदसिंग सारख्याच आवाजात बोलत. तो येऊन जगदेवच्या अंगणात उभा राहिला.

"मिस्तरी, मी नागपूरले टायर आनाले जाऊन राह्यलो. उकंडरावले, पेटीले अन् तुमाले ट्रकात घेऊन जातो. अन् आयका, पेटी सलामत राह्यली तं फागुनात धाकलीचं लगन हाय, तिची दमणी तुमीच करा. सारा गाव बोलला तरी मी आयकनार नाही. पन पेटीची जर जगदेवची गाडी झाली..."

"नाही होत," जगदेव म्हणाला.

"झाली तं मालेगावच्या सुताराले सांगतो मंग."

त्या दिवसापासून जगदेवच्या घरात जेवणाखाणाचं तंत्र राहिलं नाही. पुंजाजीनं वीस वर्षांपूर्वी आडवं रचून ठेवलेलं सागवान माळ्यावर होतं. ते जगदेवनं मुलीच्या लग्नातसुद्धा काढलं नव्हतं, ते काढलं. बायको रुख्मिणी म्हणाली, "माह्या पलंगाले आंब्याचं लाकूड, अन् त्या सतारीले सागवान!" त्यानं ऐकलं नाही. पण पेटी म्हणजे करायची कशी? सतारीची पेटी त्यानं बापजन्मी पाहिली नव्हती. त्याला वऱ्हाडच्या रस्त्यांवर न मोडणारी जगात एकच वस्तू माहीत होती: नीट धाव चढवलेलं चाक. लाकडी चाकावर लोखंडाची लालबुंद धाव चढवतात, वरून पाणी ओततात, लोखंड आकसतं आणि लाकडाला असं आवळतं की चाक आणि धाव एकजीव होतात. मग पेटीलाच धाव चढवली तर? विचार आला त्या दिवशी तो इतका खूश झाला की रुख्मिणीच्या हातची खारट डाळ मुकाट्यानं खाऊन उठला.

झालं. दोन बोटं जाड सोळा फळ्या गोलाकार उभ्या करून त्यानं एक पिंप केलं, मध्ये फुगीर, टोकाला निमुळतं. त्यावर तीन धावा. आणि त्या सोळा फळ्यांतली एक चोरफळी.

ही चोरफळी पुंजाजीची शिकवण. पुंजाजी म्हणायचा, जे बांधलं ते कधीतरी सोडावं लागतं, म्हणून सुतारानं एक वाट ठेवावी आणि ती कुणाला सांगू नये. ज्याला वस्तू दिली त्यालाही नाही. चोरफळी एका टोकाला बोटभर अरुंद असते. त्या टोकावर नेमका ठोका बसला की ती सरकते आणि सगळी बांधणी सैल पडते. ते टोक बाकीच्या फळ्यांशी सपाट करून वर डांबर फासलं की ब्रह्मदेवाला दिसणार नाही. मेडशीतल्या निम्म्या घरांतल्या संदुका पुंजाजीनं आणि जगदेवनं केलेल्या होत्या आणि प्रत्येकीत चोरफळी होती. गोविंदसिंगाच्या घरचे दागिनेही तशाच एका संदुकीत होते. हे बाहेर फुटलं असतं तर गावाची झोप गेली असती. म्हणून जगदेवनं आयुष्यात कधी कुणाला ते दाखवलं नव्हतं. उकंडरावालाही नाही.

पेटीची परीक्षा झाली ती गावजत्रेसारखी. सतारीऐवजी कस्तुराबाईच्या वेलावरचा मोठा भोपळा कापसात लपेटून आत ठेवला, गोवऱ्यांच्या आगीत धावा तापवून चढवल्या, पाणी ओतलं, वाफेत अर्धा गाव दिसेनासा झाला. पेटी टेकडीवरून सोडली. ती गडगडत खाली आली, वाटेत एक बाभूळ आडवी केली आणि पुंडलिक माळ्याची मेंढी थोडक्यात वाचली. मग तिच्यावरून भरली बैलगाडी नेली. मग भोवती आग करून धावा तापवून काढल्या. भोपळा जसाच्या तसा होता, देठसुद्धा मोडला नव्हता. त्याची भाजी करून गावात वाटली. खाताना 'जगदेवची गाडी' कुणी म्हणालं नाही, हे जगदेवनं बरोबर टिपलं.

निघण्याच्या दिवशी सतार आत ठेवायची वेळ आली तेव्हा कस्तुराबाई म्हणाली, "भाऊजी, तुमी अन् हे बाहेर बसा. गुंडाळाचं मी पाहीन." तिनं दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं तिनं गुंडाळलेली सतार आणून पेटीच्या बुडात उभी केली, जगदेवनं भोवती कापूस दाबला, फळ्या लावल्या, डांबर फासलं आणि तापलेल्या धावा चढवल्या. धूर निघाला तशी कस्तुराबाईच "पेटली! माही सवत पेटली!" म्हणून ओरडली आणि घागरभर पाणी तिनं पेटीपेक्षा नवऱ्याच्या अंगावर जास्त ओतलं. पेटी काही पेटली नाही. लोखंड करकरलं, लाकूड आवळलं गेलं, आणि जगदेव कपाळावरचा घाम पुसून सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता हे पेटी इस्तवाबिगर उघडनार नाही. मुंबईच्या लोहाराले सांगजा, धावा तापव अन् काढ."

ही बढाई त्यानं मारली नसती तरी चाललं असतं. पण वर्षभर मान खाली घालून बसलेल्या माणसाला अशा वेळी कोण आवरणार?

पेटी ट्रकात चढवायला चार माणसं लागली. चौघांनीही तिचं जडपण म्हणजे मजबुती असंच धरलं. बैलगाडीच्या देशात जड वस्तूचा एवढाच अर्थ होतो. विमान हे हवेत राहतं आणि हवेला वजन सोसत नाही, ही गोष्ट मेडशीत कुणाच्या, अगदी मास्तरांच्याही, डोक्यात आली नाही.

ती नागपूरच्या विमानतळावरच्या कारकुनाच्या डोक्यात पहिल्या झटक्याला आली. टोपीवाला, पातळ मिशीचा माणूस. पेटी आत आणणाऱ्या चार हमालांकडे पाहून तो उभा राहिला.

"हे काय आहे? तोफ?"

"सतार हाय साहेब," उकंडराव म्हणाला.

कारकुनानं पेटी काट्यावर चढवायला लावली. दोन मणांना दोन शेर कमी भरली. मग उकंडरावाला चढवलं. धोतर, कोट, पागोटं आणि जोड्यांसकट तो सव्वा मण भरला.

"तुमच्यापेक्षा तुमचं सामान जड आहे," कारकून म्हणाला. "प्रवाशाला अर्ध्या मणाच्या वर सामान नेता येत नाही. विमान कलकत्त्याहून भरून येतंय. हे जायचं नाही."

जगदेव पुढं झाला. "साहेब, आमच्या इकडे दोन बैलाची गाडी वीस मन वढते. अन् एवढ्या मोठ्या इमानाले दोन मन जड होते?"

"बैलगाडी पडली तर कुठं पडते?" कारकुनानं विचारलं.

"पडते... भुईवर."

"ती आधीच भुईवर असते बाबा."

कारकून मनानं वाईट नव्हता. उकंडरावाचं तोंड पाहून तो जरा विरघळला. "असं करा, पेटी इथं ठेवा. सतार काढा आणि मांडीवर घेऊन बसा. मी वैमानिकसाहेबांना सांगतो, ते नाही म्हणायचे नाहीत. पण पाऊण तास आहे. काढा लवकर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वीस-पंचवीस गोवऱ्या भेटतीन का साहेब?" जगदेवनं विचारलं.

"कशाला?"

"पेटीभोवती आग लावाची हाय."

कारकून दोन पावलं मागं सरकला. समोर पन्नास हातांवर पेट्रोलचा भलामोठा टँकर उभा होता आणि त्याच्यापाशी 'विडी ओढू नये' अशी हातभर अक्षरांची पाटी होती. कारकुनानं आधी पाटीकडे बोट दाखवलं, मग जगदेवकडे, आणि मग त्याला बोलता येऊ लागलं. तो काय काय बोलला ते इथं सांगण्यात अर्थ नाही. पेटी बाहेर नेऊन तापवावी म्हटलं तर धावा लाल व्हायलाच तास लागतो. विमान सुटायला उरला होता जेमतेम पाऊण तास.

"मंग फोडा!" गोविंदसिंग गरजला. त्याच्या दृष्टीनं हा तमाशा उत्तमच रंगला होता.

फोडायला माणसांची वाण नव्हती. पहिल्यांदा एक पंजाबी मिस्तरी पाना घेऊन आला, पेटीभोवती तीन फेऱ्या मारल्या, कुठं खिळा नाही की नट नाही हे पाहून पाना खिशात घालून निघून गेला. मग दोन हमालांनी घण आणला. पहिला घण पेटीवरून उसळला आणि हमालाची पगडी घेऊन गेला. त्याला पगडी आणून दिली तेव्हा तो पेटीला हात जोडून बाजूला झाला. मग आग विझवणारा शिपाई कुऱ्हाड घेऊन आला. तीन घाव घातले आणि चौथ्याला कुऱ्हाडीचा दांडा मोडला. लोखंड कापायची करवत आणली, तिचे दात गेले आणि धावेवर नुसता चरा उमटला.

जगदेव कडेला उभा होता आणि त्याचं त्यालाच कळत नव्हतं की आपण कुणाच्या बाजूचे. घण उसळला तेव्हा त्याच्या तोंडून "शाबास!" निघून गेलं. कुऱ्हाड मोडली तेव्हा छाती वितभर फुगली. आणि लगेच उकंडरावाकडे नजर गेली की जीव चोरासारखा व्हायचा. देवा, फुटू दे, असं तो म्हणायचा, आणि पुढचा घाव पडताना दातओठ खाऊन पेटीला म्हणायचा, धर, धर!

तेवढ्यात विमान उतरलं. धुळीचा लोट उठला, लोक तिकडे पळाले. उकंडराव पेटीजवळ भुईवर बसला आणि त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"राहू दे जगदेव," तो म्हणाला. "नसन माह्या नशिबात. पन पेटी झाली बरं! घणानं फुटली नाही, कुऱ्हाडीनं फुटली नाही. आपुन गावात जाऊन सांगू. तुहं नाव तं निघालं गाळातून."

तो हे मनापासून बोलला, हाच घोटाळा होता. रडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर जगदेवला सोपं गेलं असतं.

"खरं हाय!" गोविंदसिंग म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यानं जगदेवच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्तरी, मानलं तुमाले. लष्कराच्या मालात बी अशी चीज पाह्यली नाही. धाकलीची दमणी तुमीच करा. अन् जो कोनी जगदेवची गाडी म्हनन त्याले मी पाहून घेतो."

वर्षभर जगदेवला हेच तर ऐकायचं होतं. झोपेत, जेवताना, रंधा मारताना त्यानं हेच शब्द गोविंदसिंगाच्या तोंडी घालून पाहिले होते. आता ते प्रत्यक्ष ऐकले आणि त्याला मुळीच गोड लागले नाहीत. मांडीवर पागोटं घेऊन बसलेल्या उकंडरावाचं टक्कल त्याला दिसत होतं. तीस वर्षं भिंतीला ऐकवणारा माणूस.

सांगून टाकावं का, की एक फळी आहे? पण भोवती हमाल, शिपाई, कारकून, आणि सगळ्यात पुढं गोविंदसिंग. चार दिवसांत वाशीमपासून अकोल्यापर्यंत हे झालं असतं, आणि मग मेडशीतल्या कुठल्या संदुकीवर कुणी भरवसा ठेवला असता? बापानं ठेवलेली वाट अशी चव्हाट्यावर मांडायची? ते होणं नव्हतं. राहिला एकच मार्ग, आणि तो जगदेवला लख्ख दिसत होता.

त्यानं हमालाच्या हातातला घण घेतला नाही. आपल्या पिशवीतली मोगरी काढली, लाकडी, जिनं तो पटाशी ठोकतो ती.

"एक ठोका मी बी मारून पाहतो," तो म्हणाला.

"मिस्तरी, घणानं नाही झालं अन् मोगरीनं काय होते?" गोविंदसिंग हसला.

जगदेव पेटीच्या बुडाशी उकिडवा बसला. डांबराखालचं टोक त्यानं अंगठ्यानं चाचपलं. पहिला ठोका मारला. डांबर तडकलं, पण फळी जागची हलली नाही. काम चोख झालं होतं, वीस वर्षं वाळलेलं सागवान होतं. क्षणभर त्याला वाटलं, नाही सरकत, माझ्या हातात काही नाही, मी केलं माझं. पण हात थांबला नाही. दुसरा ठोका त्यानं डोळे मिटून मारला.

फळी चार बोटं पुढं सरकली. पहिली धाव खणखणत भुईवर पडली, तिच्यामागं दुसरी, तिसरी, आणि सोळाच्या सोळा फळ्या पत्रावळ उसवावी तशा पसरल्या. कापूस उसळला. आत कस्तुराबाईच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेली सतार होती, केसालाही धक्का न लागलेली. उकंडरावानं त्या लुगड्यावरून एकदा हात फिरवला.

मग कुणीतरी खुदकलं आणि मग सगळा विमानतळ हसला. घणवाला हमाल पोट धरून खाली बसला. शिपाई मोडका दांडा हातात घेऊन हसत होता. आणि गोविंदसिंग! तो तर ट्रक चढणीला लागावा तसा हसला. "मोगरीनं! अरे बाप्पा, म्हातारा माणूस, लाकडाची मोगरी, अन् पेटी भुईसपाट! आमी उगाच घण मारून राह्यलो!"

जगदेवनं तेवढ्यात चोरफळीवर पाय ठेवला होता. मग ती उचलून बाकीच्या फळ्यांत मिसळून टाकली.

उकंडरावानं सतार लुगड्यासकट छातीशी धरली. तो जगदेवकडे पाहत राहिला. लाकूड आणि हात यांतलं त्याला फार कळत नसेल, पण जगदेवला तो चाळीस वर्षं ओळखत होता. "जगदेव, हे तू..." त्यानं सुरुवात केली.

"पळ," जगदेव म्हणाला. "इमान थांबते काय तुह्यासाठी? पळ लेका!"

विमान उडालं तेव्हा जगदेवनं मान वर करून ते ठिपक्याएवढं होईस्तोवर पाहिलं. त्याला फार आनंद झाला होता आणि फार वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम वाटलं की माणूस कसं उभं राहावं हेच विसरतो. तो फळ्या गोळा करू लागला.

परतीच्या वाटेवर बडनेऱ्यापर्यंत गोविंदसिंग आपलाच हसत होता. मग हसू आटलं आणि त्यानं विचारलं, "पन मिस्तरी, झालं काय? टेकडीवरून पडली तवा नाही फुटली, अन् मोगरीनं काहून उकलली?"

जगदेवनं समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. मागं ट्रकात पुंजाजीचं सागवान खडखडत होतं.

"लाकूड कच्चं होतं," तो म्हणाला.

आयुष्यात कुण्या सुतारानं स्वतःच्या लाकडाबद्दल असं बोलू नये. गोविंदसिंगही जरा ओशाळला. "मंग दमणी..." तो म्हणाला.

"मालेगावच्या सुताराले सांगा. चांगला हाय तो."

आठ दिवसांनी उकंडराव परत आला. मुंबईत जाणकारांनी त्याला तीन तास उठू दिलं नव्हतं, एका म्हाताऱ्या बीनकारानं त्याचे हात डोळ्यांना लावले होते, आणि शेठजींनी पुढच्या वर्षाचंही बोलावणं दिलं होतं. कस्तुराबाई आता सतार वाजत असताना भांडी हळू घासते. फागुनात गोविंदसिंगाच्या धाकलीची दमणी मालेगावहून आली. आणि गावात 'जगदेवची गाडी' मागं पडून 'जगदेवची पेटी' सुरू झाली.

पारावर गोविंदसिंग ती गोष्ट नव्या माणसाला न चुकता सांगतो. घण उसळतो, कुऱ्हाड मोडते, हमालाची पगडी उडते. जगदेव आता चारचौघांत येऊन बसतो, तंबाखू मळतो आणि सगळं निमूट ऐकून घेतो. लाकूड कच्चं होतं म्हणा, सुतार कच्चा होता म्हणा, त्याचं काही म्हणणं नसतं. शेवटी गोविंदसिंग हात उंच करून टाळी वाजवतो. "अन् मंग ह्या आमच्या मिस्तरीनं मारला एक ठोका! एकाच ठोक्यात सारी पेटी..."

"दोन," जगदेव म्हणतो.

"आता एक का दोन, काय फरक पडते मिस्तरी?"

"दोन लागले," जगदेव म्हणतो. तेवढ्यापुरता तो तंबाखू मळायचा थांबतो, आणि गोविंदसिंग 'दोन' म्हणेपर्यंत पुन्हा सुरू करत नाही.